सकाळी जावे, सांजेला परतावे

वसईच्या माणसाला सहल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. समोर समुद्र, पायाखाली वाळू, पाठीशी सुरूची झाडे आणि डब्यात तांदळाच्या भाकरी व तळलेली मासळी एवढे जमले की त्याची सहल झाली. अर्नाळ्याचा किनारा, तुंगारेश्वराचा डोंगर, फार तर निर्मळची जत्रा. पाहण्यासाठी जावे अशी स्थळे त्याला लहानपणापासून तोंडपाठ असतात. अशा मुलखात वाढलेले आम्ही उभयता १९९२ साली नोकरीतील बदलीच्या निमित्ताने यवतमाळास आलो, तेव्हा नकाशात समुद्र कोठे राहिला हे बोटाने मोजून पाहिले होते. धामणगावला रेल्वेतून उतरायचे आणि तेथून सुमारे पंचेचाळीस किलोमीटर बसने. बस घाट चढू लागली तेव्हा खिडकीतून सागाची पानगळ झालेली उघडी रांग दिसली. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर वसलेला हा माळ पुढे आपला होईल असे त्या दुपारी वाटले नव्हते.

घरून येणाऱ्या पत्रांत पहिली काही वर्षे एकच प्रश्न असे : ‘तिकडे पाहण्यासारखे काय आहे?’ पुढे वृत्तपत्रांनी यवतमाळचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांशी कायमचे जोडून टाकले आणि प्रश्न बदलला : ‘तिकडे तुम्ही राहता तरी कसे?’ पहिल्या प्रश्नात इकडे काहीच नाही असे गृहीत धरलेले होते, दुसऱ्यात इकडे मरणाखेरीज काही नाही असे. दोन्ही प्रश्न मायेपोटी विचारलेले, म्हणून आम्ही कधी रागावलो नाही. मात्र तीन दशकांहून अधिक काळ रविवारची मिस्सा आटोपून एस.टी. स्थानकाकडे वळण्याची जी सवय आम्हांला लागली, तिचे उत्तर पत्रात मावणारे नव्हते. ते येथे सविस्तर लिहावे असे वाटते.

आमचा नियम साधा. सकाळी जावे, सांजेला परतावे. मुक्काम नाही, गाडीभाडे परवडेल इतकेच अंतर, आणि जेथे जाऊ तेथल्या माणसांचे चाललेले काम थांबवायचे नाही. हा शेवटचा नियम आम्ही ठरवून केला नाही, तो आपोआप झाला. कारण येथे निव्वळ पाहण्यासाठी राखून ठेवलेली जागा जवळजवळ नाहीच. किनारा रिकामा असतो, वावर रिकामे नसते. जेथे जाल तेथे कोणी निंदत असते, कोणी वेचत असते, कोणी बंडी हाकत असते. सहलीला आलेला माणूस येथे नेहमीच दुसऱ्याच्या कामाच्या दिवसात शिरतो.

पहिली सहल शकुंतलेची. यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत जाणारी ११३ किलोमीटरची ही अरुंद रेल्वे एका ब्रिटिश कंपनीने कापसासाठी घातली. देशातील रेल्वे पुढे सरकारच्या झाल्या तरी या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. आम्ही आलो तेव्हा तिला अजून वाफेचे इंजिन होते, १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले. यवतमाळचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जात होता आणि मँचेस्टरहून तो ओढून नेणारे इंजिन येत होते. कापड विकत घ्यायचे ते पुन्हा आपणच. इतिहासाच्या पुस्तकातील हा धडा आम्ही लाकडी बाकावर बसून, डोळ्यांत कोळशाचे कण झेलत वाचला.

दारव्ह्यापर्यंत बसने तासाभराचे अंतर. गाडी त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ घेई आणि कोणाची तक्रार नसे. तिकीट देण्यापासून डबे जोडण्यापर्यंतची कामे मोजकी माणसे वाटून घेत. भाजीच्या टोपल्या, शाळेची मुले, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या, माहेराहून परतणाऱ्या लेकी, असे सारे त्या डब्यांत सामावलेले असे. याच गाडीत शेजारच्या बाईंनी आमच्या पिशवीतील जुडी पाहून ‘सांबार कितीले घेतला?’ असे विचारले आणि कोथिंबिरीला इकडे सांबार म्हणतात हे आम्हांला कळले. शेताला वावर, कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी, बांधाला धुरा. त्या एका प्रवासात अर्धी वऱ्हाडी बोली पदरात पडली. १५ एप्रिल १९९४ रोजी वाफेचे इंजिन निवृत्त झाले, डिझेलचे आले. तेही पुढे थांबले. आज ती गाडी धावत नाही. लोहमार्गाच्या काही भागावर गवत आहे, काही ठिकाणी त्यावर शेळ्या चरतात. दारव्ह्याच्या मोतीबाग स्थानकात आम्ही अजूनही वर्षातून एकदा जाऊन बसतो. बसण्यासारखे तेथे फारसे काही उरलेले नाही, पण आम्ही बसतो.

कळंब त्या मानाने जवळ, नागपूरच्या वाटेवर तेवीसेक किलोमीटर. चक्रवती नदीकाठचे हे गाव चिंतामणीच्या देवळासाठी ओळखले जाते. देऊळ जमिनीच्या पातळीहून खोल आहे, पायऱ्या उतरून जावे लागते. तेथील कुंडाचे पाणी काही वर्षांच्या अंतराने चढत जाऊन मूर्तीच्या चरणांना लागते आणि मग ओसरते, अशी ख्याती आहे. ज्या वर्षी पाणी चढते त्या वर्षी आसपासच्या गावांतून माणसांची रीघ लागते. पाण्याची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात पाण्याने देवाच्या पायांपर्यंत यावे याचा आनंद कोणत्याही धर्माच्या माणसाला कळू शकतो. याच कळंबला २८ फेब्रुवारी २०२४ पासून वर्ध्याहून मोठी रेल्वे येऊ लागली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा तो पहिला तुकडा. रुळांची रुंदी वाढली हे खरे, मात्र शेजारणीच्या पिशवीत डोकावून भाव विचारण्याची सोय तेथे राहील की नाही, याबद्दल आम्ही साशंक आहोत.

पण यवतमाळची खरी सहल रस्त्यावरची आहे, आणि ती फाल्गुनात करावी. पांढरकवड्याच्या वाटेवर जोडमोहा नावाचे गाव लागते. नावातच दोन झाडे उभी असलेले गाव आम्ही दुसरे पाहिलेले नाही. साग निष्पर्ण झालेला असतो, जमीन तापू लागलेली असते आणि त्या राखाडी रानात पळस मात्र असा पेटलेला असतो की आमच्या वसईच्या हिरव्या डोळ्यांना पहिल्या वर्षी ते झाड आजारी वाटले होते. एकही पान नाही आणि एवढी फुले! हिरवेपणा म्हणजेच समृद्धी ही आमची समजूत त्या रस्त्याने मोडली.

पाठोपाठ मोह फुलतो. त्याची फुले रात्री उमलतात आणि पहाटे टपटप खाली पडतात. पिवळसर, रसाळ, उग्र गोड वासाची. आम्ही एकदा पहिल्या बसने गेलो तरी उशीरच झाला होता. झाडाखालची जागा झाडून स्वच्छ केलेली, टोपल्या भरलेल्या, आणि बाया-मुले घरी निघालेली. एका आजींनी आमच्या तळहातावर चार फुले ठेवली आणि म्हणाल्या, “पहाटेच या लागते जी. ऊन चढलं का ढोरं-हरणं खाऊन टाकते.” फुले वाळवून साठवायची, थोडी घरात, बरीचशी बाजारात. दारूसाठी तर ती प्रसिद्धच आहेत, परंतु टंचाईच्या दिवसांत याच फुलांनी पोटे भरली आहेत हे सांगणारी म्हातारी माणसे गावोगाव भेटत.

या भागात कोलामांचे पोड आहेत. पोड म्हणजे त्यांची वस्ती. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना आदिम म्हणून नोंदले आहे, त्यांपैकी कातकरी आपल्या वसईकरांच्या परिचयाचे, माडिया गोंड गडचिरोलीकडचे आणि तिसरे हे कोलाम. त्यांची कोलामी भाषा मराठीच्या कुळातली नाही, ती तेलुगूच्या द्राविडी कुळातली. बांबूच्या टोपल्या आणि ताटवे विणण्यात त्यांचा हात धरणारा नाही. पोडाच्या वाटेने जाताना आम्ही तेथे घुटमळत नाही. एखादी टोपली विकत घेतो, भाव करीत नाही आणि पुढे निघतो. दुसऱ्याची वस्ती म्हणजे देखावा नव्हे.

आमचा एक भाचा स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात नोकरीस आहे. तोही आमच्यासारखाच सुटीच्या दिवशी सकाळी निघतो आणि सांजेला परततो. कधी मार्स्ट्रँड नावाच्या बेटावर जातो, जेथील कार्लस्टेन किल्ला पाहून त्याला अर्नाळा आठवतो, तर कधी शहरालगतच्या रानात. त्याने एकदा कळविले की त्या देशात कोणीही कोणाच्याही रानातून चालू शकतो, एखादी रात्र तंबू ठोकू शकतो, ब्लूबेरी आणि लिंगनबेरी वेचून घरी नेऊ शकतो. पिकाची नासधूस करायची नाही, कोणाच्या घराच्या अंगणात शिरायचे नाही, एवढीच अट. हा सर्वांचा हक्क १९९४ पासून त्यांच्या राज्यघटनेतही नमूद आहे. ‘मामा, इथे जंगलाला फाटक नाही,’ असे त्याने कौतुकाने लिहिले.

ते वाचून आम्हांला पुसद आठवले. यवतमाळहून शंभरेक किलोमीटरवरचे हे गाव आज वसंतराव नाईकांच्या तालुक्याचे म्हणून ओळखले जाते, आणि ते रास्तच आहे. १९६३ ते १९७५ अशी सलग मुख्यमंत्रिपदाची वर्षे लाभलेला हा माणूस तेथून जवळच्या गहुली तांड्यावर जन्मला. परंतु आम्ही पुसदला जातो ते गवतासाठी. १९३० च्या जुलैत, मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी, समुद्र नसलेल्या या मुलखाने कोणता कायदा मोडावा असा प्रश्न होता. वणी येथे जन्मलेल्या लोकनायक बापूजी अण्यांनी राखीव जंगलात शिरून गवत कापले आणि अटक करून घेतली. आपल्या वसईकडे मीठ होते, येथे गवत होते. भाच्याच्या देशात जी गोष्ट चालीरीतीने मिळाली, तिच्यासाठी येथे विळा हाती घेऊन तुरुंगात जावे लागले. मोहफुले वेचणाऱ्या त्या आजींना आपल्या टोपलीवर कायद्याने हक्क मिळाला तो तर २००६ च्या वनहक्क कायद्याने. भाच्याला आम्ही एवढेच उलट कळविले की इकडे फाटक आहे, पण फाटकाच्या आतली माणसे फाटकापेक्षा जुनी आहेत.

आता वाघाविषयी. हल्ली यवतमाळास येणारा पाहुणा पहिला प्रश्न टिपेश्वरचाच विचारतो. पांढरकवड्याजवळचे हे अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे, टिपाई देवीच्या नावावरून ओळखले जाणारे. आम्ही प्रथम गेलो तेव्हा त्याचा फारसा बोलबाला नव्हता. आता सफारीच्या जीपगाड्या रांगेत उभ्या असतात. साग, मोह, तेंदू, बांबू, मधूनच गवताळ मोकळे माळ आणि उन्हाळ्यात पाणवठ्यावरची शांतता. आम्हांलाही तेथे एकदा वाघ दिसला. तो वाटेवर आला, आमच्याकडे न पाहता उभा राहिला आणि पलीकडे गेला. सारे मिळून मिनिटभर. त्या मिनिटात गाडीतील एकानेही श्वास घेतला नसावा. सृष्टीच्या निर्मात्याने हा प्राणी घडविताना कंजूषपणा केला नाही, हे मान्य करावेच लागते.

परतताना फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो. शेजारी बसलेल्या गृहस्थांचे वावर जंगलाला लागून होते. रात्री रानडुकरे आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून ते जागलीला मचाणावर बसत. आमचा आनंद त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, “वाघ पाहाले तुमी पैसे भरता सायेब. आमी तं तो दिसू नये म्हून देवाले हात जोडतो.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. चहाचे पैसेही त्यांनीच दिले, कारण आम्ही पाहुणे.

पुढे राळेगाव तालुक्यात जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. एका वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका आला. दोन बछड्यांची आई असलेल्या त्या वाघिणीला कोणी ‘टी-१’ म्हणत, तर प्राणिप्रेमी ‘अवनी’. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या परिसरात तिला गोळी घालण्यात आली. मुंबई-दिल्लीत निषेध झाले, आणि आसपासच्या खेड्यांत फटाके वाजल्याचे वाचले. आमच्या ओळखीच्या माणसांतही दोन तट पडले. आम्हांला विचाराल, तर वाघिणीसाठी हळहळणाऱ्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. मात्र त्या हळहळीत कपाशीत वाकून काम करणाऱ्या बाईच्या पाठीला त्या दोन वर्षांत काय वाटले असेल, याचा विचार फारच थोडा होता. जंगलाच्या काठावरचे वावर ओलांडून मगच आपण जंगलात जातो, आणि बहुतेक जण ते वावर पाहतच नाहीत.

टिपेश्वरच्याच दुसऱ्या एका तरुण वाघाची कथा आम्हांला जास्त जवळची वाटते. गळ्यात पट्टा घातलेला हा वाघ जून २०१९ मध्ये स्वतःची जागा शोधण्यासाठी निघाला. तेलंगणात शिरला, परत आला, शेते, नाले, रस्ते रात्री ओलांडीत अखेर बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पट्ट्याने नोंदविलेली त्याची एकूण भटकंती तीन हजार किलोमीटरांहून अधिक भरली. आमच्या घरातील दोन मुलेही अशीच जागा शोधीत पुण्याला आणि पुढे गेली. त्यांच्या गळ्यात पट्टा नाही, फोन आहे.

वणीविषयी थोडक्यात सांगतो. एकेकाळी या जिल्ह्याचेच नाव वणी होते, १९०५ पासून ते यवतमाळ झाले. आज वणी म्हणजे कोळसा. खाणींच्या रस्त्याने जाताना झाडांची पानेही काळी दिसतात आणि सहलीचा शर्ट दुसऱ्या दिवशी दोनदा धुवावा लागतो. तरी जुगादपर्यंत जावे, कारण तेथे पैनगंगा वर्धेला मिळते. दोन नद्या भेटतात तेथे माणूस उगाचच आवाज खाली करून बोलतो.

शेवटी कपाशी. दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटतात आणि वेचणीस आरंभ होतो. पहिल्या वेचणीला काही घरांत सीतादही करतात. वावरातच कपाशीची पूजा, दहीभाताचा नैवेद्य. नव्या भाताची कणसे देवळात आशीर्वादासाठी नेणाऱ्या आपल्या लोकांना या विधीचा अर्थ सांगावा लागू नये. एका घराने आम्हांला त्यासाठी बोलावले होते. नैवेद्यानंतर वावरात गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले, वांग्याची भाजी आणि वरण झाले, रोडगे फोडून त्यांत तूप ओतले. इतके चविष्ट जेवण आम्ही वसईच्या लग्नांतही क्वचित जेवलो असू. त्याच कपाशीवर फवारणी करताना २०१७ च्या हंगामात विषबाधा होऊन या जिल्ह्यातील शेतकरी आणि मजूर दगावले. तोच हिरवा धुरा, तीच पऱ्हाटी.

सहस्रकुंडचा धबधबा पाहायचा तर पहाटे चारला निघावे लागते. यवतमाळ आणि नांदेड या जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगा काळ्या खडकावरून अनेक धारांनी उडी घेते. पावसाळ्यानंतरच्या दिवसांत तेथे उभे राहिले की समुद्राची गाज ऐकू आल्याचा भास होतो, आणि आम्ही वसईकर एवढ्यासाठीच तेथे जातो हे कबूल केले पाहिजे. त्या वाटेवर महागाव तालुका लागतो. त्याच तालुक्यात चिलगव्हाण आहे. तेथील एका शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह आयुष्य संपविले. शेतकरी आत्महत्यांचा विषय निघतो तेव्हा या कुटुंबाचे स्मरण प्रथम होते. २०१७ पासून दरवर्षी १९ मार्चला अनेक लोक एक दिवस अन्नत्याग करतात.

१९ मार्च हा संत जोसेफचा सण. कष्टकऱ्याचा, कुटुंब सांभाळणाऱ्या बापाचा. तो उपवासकाळात येत असला तरी त्या दिवशी उपवास नसतो, सण म्हणून गोडधोड करण्याची आमच्या घराची रीत होती. आता त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटत नाही. हे कोणास सांगावे असे वाटले नव्हते. परंतु एका वर्षी तो दिवस रविवारी आला तेव्हा आम्ही चिलगव्हाणला गेलो. कोणाच्या दारात गेलो नाही, कोणास काही विचारले नाही. गावातून चालत गेलो, हातपंपावर पाणी प्यालो. काढणीचे दिवस होते आणि माणसे वावरात होती. वाटेतल्या एका घरातून मुलांना पाढे म्हणायला लावलेले ऐकू येत होते. दुपारच्या बसने परतलो.

भाचा येत्या जानेवारीत मुलांना घेऊन यायचा आहे. त्याने टिपेश्वरच्या सफारीची चौकशी केली आहे. तिचे आरक्षण आधी करावे लागते, ते आम्ही केले आहे. मात्र त्याला हेही कळविले आहे की जानेवारीत पळस फुलत नाही, मोह तर नाहीच, पण शेवटची वेचणी चालू असते आणि ज्वारीचा हुरडा असतो. जागलीच्या मचाणावर मुलांना बसता येईल का, असे त्याने उलट विचारले आहे. टपरीवरच्या त्या गृहस्थांना आम्ही विचारून ठेवले आहे. ते म्हणाले, “या म्हणा. पन थंडी लय अस्ते, घोंगडं आना.”